कोरा सोडलेला रकाना

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबांना माहीत होतं का?" थोरला मागून तिला गप्प करत होता. मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर मला अशा गोष्टी क्रमाने सांगता येत नाहीत. मध्येच कुणीतरी डोकावतं, कुकरची शिट्टी होते आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून सोपं लिहिते. आईला दाखवलंत तरी चालेल. यातलं सगळं तिला माहीत आहे.

आधी आजोबांच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ते होते, तिथे पाण्याचे मोठे पंप बनत. आजोबा तपासनीस. पंपाचा प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून पुढे जाई. माप बरोबर असलं तर पास, नसलं तर लाल चिठ्ठी. प्रत्येक तपासणीचं एक छापील पत्रक असे, रकाने आखलेलं, आणि त्याचा एक नियम होता: रकाना कोरा सोडायचा नाही. दोष दिसला तर दोष लिहायचा. नाही दिसला तर 'निरंक' लिहायचं आणि खाली सही करायची. ते म्हणत, "निरंक म्हणजे मी पाहिलं, आणि उद्या काही निघालं तर मला विचारा. कोरा म्हणजे काय, कुणालाच माहीत नाही." हा नियम त्यांनी घरातही आणला होता. गावाला निघताना दाराच्या आत एक पत्रक टांगलेलं असे: गॅस, नळ, खिडक्या, देवापुढचा दिवा. प्रत्येकापुढे माझी नाहीतर त्यांची सही. तुमची आई कॉलेजात असताना या पत्रकावर फार चिडायची. आता तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर काय चिकटवलंय ते बघा.

त्यांचे दोन मित्र तुम्ही पाहिलेत. बुवापाड्याचे भाऊजी त्यांच्याच खात्यात, त्यांच्या हाताखाली तयार झालेले. ते आजोबांना दादा म्हणत. दुसरे उल्हासनगरचे शेटजी. त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि ते कारखान्याला वॉशर, बुश असे छोटे सुटे भाग पुरवत. त्यांचा पहिलाच माल आजोबांनी लाल चिठ्ठी लावून परत पाठवला होता. शेटजी भांडायला आले, आजोबांनी त्यांच्या हातात मापाचं यंत्र दिलं आणि म्हणाले, तुम्हीच मोजा. शेटजींनी मोजलं, माल परत उचलला, आणि जाताना विचारलं, "साहेब, चाय पिओगे?" ती मैत्री चाळीस वर्षं टिकली.

या तिघांना एकच वेड होतं. तो इंग्रजी हेराचा सिनेमा, जो तुम्हीही पाहता. आमचं लग्न झालं त्याच्या आधीपासून त्याचे भाग येत आहेत. हेर तोच राहतो, नट म्हातारा झाला की बदलतात. उल्हासनगरच्या थिएटरात तो उशिरा लागायचा, तेव्हा खाली भाषांतराच्या ओळी नसत. मी इंग्रजीतून शिकलेली, म्हणून मला मधल्या खुर्चीवर बसवत आणि मी हळू आवाजात मराठी सांगत जाई. एकदा मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "बाई, जरा मोठ्याने सांगा, आमचेपण पैसे वसूल होऊ द्या." मी काही वाक्यं गाळत असे. हेर आणि त्याची मैत्रीण जे बोलत, ते दोन परक्या पुरुषांच्या देखत मला सांगवत नसे.

सिनेमा संपला की तिघं आमच्या घरी येत आणि त्याची तपासणी करत. जुन्या पत्रकाच्या मागच्या बाजूला पाच रकाने आखायचे: सुरुवात, गाड्या आणि हत्यारं, खलनायक, यंत्रं आणि पाइप, शेवट. चौथा रकाना यांच्या खास आवडीचा, कारण प्रत्येक भागात खलनायकाचा एक गुप्त अड्डा असतोच आणि तिथे पाइपांचं जाळं असतंच. सगळे आपापले दोष मांडणार, त्यावर भांडण होणार, मग जे ठरेल ते लिहिलं जाणार. शेवटी आजोबांची सही. एकही भाग त्यांनी बिनशर्त पास केला नाही, आणि एकही भाग त्यांनी चुकवला नाही.

आता त्या वर्षाबद्दल.

आम्ही बदलापूरला खरवईच्या बाजूला या इमारतीत राहायला आलो त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. आजोबांचं वजन उतरत होतं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं. मी संध्याकाळी तुमच्या आईला फोन केला. डॉक्टर नक्की काय म्हणाले, ते तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आई, बाबांना सांगू नकोस. ते खचतील. मी येईपर्यंत तरी नको." मी बरं म्हटलं.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. तुमच्याकडे डॉक्टर रोग्यालाच सांगतात. आमच्याकडे घरच्यांना सांगतात आणि घरचे ठरवतात. माझ्या सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी नवी सून होते, मला फक्त ताकीद मिळाली होती की त्यांच्यासमोर रडायचं नाही. तेव्हा ज्यांनी लपवलं, त्यांत आजोबा स्वतः होते.

आजोबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून दवाखान्याचे कागद मीच वाचून दाखवत असे. त्या दिवशीही दाखवला. रक्त, साखर, यकृत, सगळे आकडे वाचले. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "बाकी नेहमीचंच आहे." ते हं म्हणाले. कागद मी हिरव्या फाइलमध्ये ठेवला आणि फाइल कपाटात, साड्यांच्या खाली. ती जागा फाइलची नव्हे. आमच्या घरात फाइली कुठे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

अकरा दिवसांनी हेराचा नवा भाग आला. आजोबांना तीन तास बसवणार नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही दोघं जाऊन या, पत्रक भरून आणा, मी सही करतो. भाऊजी आणि शेटजी दुपारच्या खेळाला गेले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला भाऊजींचा फोन आला. "वहिनी, जरा खाली येता का? दादांना म्हणावं, कोथिंबीर आणायला जाते."

दोघं इमारतीच्या फाटकाशी उभे होते. शेटजींच्या हातात समोशांची पिशवी, ती त्यांनी चेपून टाकली होती.

"वहिनी, तो मेला," भाऊजी म्हणाले.

मी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग लक्षात आलं की ते हेराबद्दल बोलत आहेत.

"मतलब खरंच मेला, भाभी," शेटजी म्हणाले. "मी लाइट लागेपर्यंत बसून होतो. वाटलं, पाण्यातून वर येईल. नाही आला. इतने साल में कधी असं केलं नाही या लोकांनी."

"आता दादांना काय सांगायचं?" भाऊजींनी विचारलं. आजोबांच्या दुखण्याचं त्यांना मी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "नका सांगू. नोकरी सोडून कुठेतरी निघून गेला म्हणा." आणि आम्ही तिघं लिफ्टने वर आलो. कोथिंबीर आणायची राहूनच गेली.

आजोबा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल, शेजारी भिंग आणि पेन. "बोला," ते म्हणाले.

दोघांनी सुरुवात तरी जोरात केली.

"पहिल्याच दहा मिनिटांत हा पुलावरून खाली, दादा, मालगाडीवर," भाऊजी म्हणाले. "अन् शर्ट खोचलेला तसाच. आपण सायकलवरून उतरलो तरी बाहेर येतो."

"लिहा," आजोबा म्हणाले.

"बॉम्ब को फिर घड्याळ," शेटजी म्हणाले. "मोठे लाल आकडे. अरे, ज्याला उडवायचं आहे त्याच्यासाठी टाइम कशाला दाखवता? त्याला गाडी पकडायची आहे का?"

"हा जुनाच दोष. पुन्हा आढळला, असं लिहा."

"खलनायक तर इतका बोलतो," भाऊजी म्हणाले, "की आमच्या पाड्यातल्या पतपेढीची वार्षिक सभा लवकर संपते."

"आणि हिरो रडतो, साहेब. दोन वेळा. एक मुलगी आहे म्हणे त्याला. त्या मुलीचे केस विंचरतो. मी म्हटलं, हा हेर आहे की घरजावई?"

"मुलीचे केस विंचरणं हा दोष नाही," आजोबा म्हणाले. "मी विंचरलेत. खोडा ते."

"बरं, खोडलं. पण यंत्रं ऐका. धरणाच्या पोटात अड्डा आहे. पाइप एवढा, माणूस उभा राहील असा, आणि फ्लँजला बोल्ट किती? चार."

"चार? एवढ्या जोडाला तीस-चाळीस लागतात."

"मोजले. भाऊंनीही मोजले."

"चारच, दादा. आणि व्हॉल्व्ह बंद करताना चाक उलटं फिरवलं."

आजोबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले, त्यामुळे खोकला आला आणि मी पाणी दिलं. मला वाटलं, निभावलं. भाऊजींनी पत्रक पुढे केलं. आजोबांनी भिंग घेतलं आणि एकेक रकाना खाली बोट धरून वाचत गेले. मी चहा ओतत होते. त्यांचं बोट थांबलं.

"शेवटचा रकाना कोरा आहे," ते म्हणाले.

"शेवट ठीक होता, साहेब," शेटजी म्हणाले. "लिहायला काही नाही."

"मग निरंक लिहा." त्यांनी पेन पुढे केलं.

शेटजींनी समोशाचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे पाहिलं. भाऊजींनी पेन घेतलं, टोपण काढलं, कागदावर टेकवलंसुद्धा. फाटकाशी ठरवलेलं खोटं त्यांनी तोंडाने सहज सांगितलं असतं. सिनेमातल्या माणसासाठी एक शब्द लिहायचा होता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण तो शब्द त्या रकान्यात लिहिला की त्याखाली आजोबांची सही होणार होती, आणि त्या शब्दाचा अर्थ ज्यांनी शिकवला तेच समोर बसले होते. भाऊजींनी टोपण परत लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

आजोबा म्हणाले, "मेला का?"

"हो, दादा."

मी चहा ओततच राहिले होते, बशीत आलेला दिसला तेव्हा थांबले.

"कसा?"

भाऊजींनी सांगितलं. धरण फुटणार असतं. खालच्या गावातले लोक बाहेर पडेपर्यंत पाण्याची एक झडप उघडी धरून ठेवायची असते. तिचं चाक सोडलं की ते आपोआप फिरतं आणि झडप मिटते. म्हणून हेर खाली उतरतो आणि चाक हाताने धरून उभा राहतो. वरचं दार बंद होतं. पाणी येतं.

"यही तो फॉल्ट है," शेटजींना राहवलं नाही. "चाकात एक पाना अडकवायचा आणि वर निघून यायचं. एक पाना, साहेब. मरायची गरजच नव्हती."

"पाना टिकला नसता," आजोबा म्हणाले. "दाब किती असेल? वाकून उडाला असता."

"चांगला पाना टिकतो."

"तुमच्या वर्कशॉपमधला नसता टिकला."

शेटजी हसले, पण डोळे पुसत हसले.

"त्याला माहीत होतं का?" आजोबांनी विचारलं. "खाली उतरताना. दार उघडणार नाही, हे?"

"माहीत होतं," भाऊजी म्हणाले. "वरून ती बाई बिनतारीवर बोलत असते ना, त्याची सहकारी. ती सांगते त्याला."

"स्पष्ट सांगते?"

"स्पष्ट सांगते, दादा. रडते, पण सांगते. मग तो आणखी थोडा वेळ बोलतो. मुलीबद्दल सांगतो. एक निरोप देतो."

"मग यात दोष काय?" आजोबा म्हणाले. "तुम्ही लपवलंत कशासाठी?"

त्यांनी पेन उचललं आणि शेवटच्या रकान्यात स्वतः लिहिलं, निरंक. सही केली नाही. पत्रक भिंगाखाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण मला ते बघणं सहन झालं नाही, मी कप उचलून आत गेले.

मित्र लवकर निघाले. दाराशी भाऊजी हात जोडून म्हणाले, "वहिनी, माझ्याने नाही लिहवलं." मी म्हटलं, "बरं केलंत." तेव्हा ते मला खरंच वाटत होतं की नाही, सांगता येत नाही.

मी परत आले तेव्हा आजोबा बाहेर बघत होते. खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, अजून उजेड होता.

"ती हिरवी फाइल आण," ते म्हणाले. "साड्यांच्या खाली आहे."

मी उभीच राहिले. म्हटलं, "मुलीला शब्द दिलाय मी."

"तिला मी सांगेन, माझ्यामुळे मोडला म्हणून." मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. शेवटी शेवटी. मी पाय दाबत होतो. म्हणाले, मला काय झालंय रे? मी म्हटलं, अशक्तपणा आहे. ते पुन्हा कधी बोललेच नाहीत माझ्याशी नीट. रागाने नाही. त्यांना कळलं की याच्याशी आता बोलून उपयोग नाही. पंधरा दिवस मी जवळ होतो आणि आम्ही पावसापाण्याचं बोललो."

मी फाइल आणली. त्यांनी खुर्ची ओढायला सांगितली, अगदी शेजारी.

"थिएटरात सांगायचीस तसं सांग," ते म्हणाले. "एक वाक्य इंग्रजी वाच, मग त्याचं मराठी. आणि गाळू नकोस. तेव्हा गाळायचीस ते मला कळायचं. लोक हसायचे आणि तू गप्प असायचीस."

मी वाचलं. चार वाक्यं होती. प्रत्येक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि मग त्यांच्या कानाशी मराठीत सांगायचं. काही शब्दांना मराठीत शब्द सापडेना, तेव्हा शरीराच्या त्या जागेवर हात ठेवून सांगितलं. तिसऱ्या वाक्यात महिन्यांचा उल्लेख होता. तिथे मी इंग्रजी वाचलं आणि मराठी सांगायची थांबले. त्यांनी घाई केली नाही. मग मी तेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "संपलं?" मी म्हटलं, संपलं. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आता ही तिच्या जागी ठेव."

तुमच्या आईला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. ती फार रागावली. मला म्हणाली, तुला एवढंसुद्धा जमलं नाही. तीन दिवस तिने माझा फोन घेतला नाही, आणि चौथ्या दिवशी विमानाचं तिकीट काढल्याचा निरोप आला. ती आली तेव्हा दारात तिने चेहरा नीट करून ठेवला होता. मी तो ओळखते, लहानपणी मार्क लपवताना असाच करायची. आजोबांनी खुर्चीतूनच विचारलं, "ये. तू इंजिनीअर आहेस. चाकात पाना अडकवला तर टिकेल का, सांग." तिला कुणी सिनेमाचं सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. मग त्यांनी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, आधी सिनेमाचं, नंतर स्वतःचं. ती रडली. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि मला ते केस विंचरण्याचं आठवलं.

ती अठरा दिवस राहिली. मी दोघांना बोलताना ऐकत असे. तिच्या लग्नाच्या वेळी त्यांचं काही बिनसलं होतं, ते मला माहीत होतं, पण त्यांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. ते आता बोलले. एके दुपारी भांडलेसुद्धा, मोठ्याने. मला बरं वाटलं. ज्याला फुलासारखं जपायचं, त्याच्याशी कुणी भांडत नाही.

याच दिवसांत तुम्ही दोघांनी फोन केला होता, आठवतं? आईने तुम्हाला पाना आणि चाक सांगितलं होतं. थोरल्याने मोबाइल भिंतीला टेकवला आणि कागदावर चाक काढून दाखवलं. म्हणाला, आजोबा, एक पाना वाकेल, पण दोन विरुद्ध बाजूंनी लावले तर? आणि धाकटी मागून ओरडत होती की तिला वाटतं तो पोहत बाहेर आला असेल. आजोबांनी तिला सांगितलं, नाही आला गं. आणि थोरल्याला म्हणाले, थांब, तुझा आक्षेप लिहून घेतो.

माझ्याकडून त्यांनी पत्रक मागून घेतलं. शेवटच्या रकान्यातला 'निरंक' त्यांनी खोडला. त्याच्या बाजूला लिहिलं: दोन पाने, विरुद्ध बाजूंनी. आक्षेप ग्राह्य. मग पत्रकावर राहिलेली सही केली आणि शेटजींना फोन लावून सांगितलं की माझ्या नातवाने तुम्हाला वाचवलं. ती त्यांची शेवटची सही. त्यानंतर पाच आठवड्यांनी ते गेले.

भाऊजी आणि शेटजी अजून येतात, महिन्यातून एकदा. नव्या नटाची बातमी आली तेव्हा शेटजींनी विचारलं, "भाभी, बघायचा का?" मी म्हटलं, लागू दे, जाऊ. मधली खुर्ची माझी.

पत्रक या पाकिटात घालते आहे. कागद जुना आहे, घडीवर फाटतो, जपून उघडा. पहिल्या बाजूला पंपाच्या मापांची तपासणी आहे, ती वाचायची गरज नाही. उलटून बघा. शेवटच्या रकान्यात, खोडलेल्या शब्दाशेजारी, थोरल्याचे दोन पाने आहेत आणि त्याखाली आजोबांची सही आहे.

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. मी त्यांना वाचून दाखवलं होतं.